जकात नाका, ब्रॅडफर्ड

ग्रंथालयाचा तिसरा मजला. खिडकीबाहेर
पिवळट दगडाची लोकरगिरणी,
धुराड्यातून आता फक्त कबुतरं निघतात.
कागदावर मी लिहिलेलं:
सरकारी खर्च वाढला, तर बेकारी घटते.
कर वाढला, तर
इथं पेन्सिलीचं टोक मोडलं.

डॉक्टर हॅलिवेल म्हणतात, गृहीतकं मोजकी ठेव.
एक देश घे, विकसनशील. एक सरकार. एक कर.
मी घेतला.
नाव लिहिलं नाही तरी त्या देशाला
आग्रा रोडचा वास येऊ लागला,
डिझेल, सडका कांदा, शिक्क्याची शाई.

एक कर, म्हणजे जकात.
बाप धुळ्याच्या नाक्यावर कारकून. रात्रपाळी.
ट्रक थांबायचा, ताडपत्रीची दोरी सुटायची,
बाप बॅटरी मारून गोण्या मोजायचा
आणि पावती फाडायचा.
तेवढ्या दहा मिनिटांत
यासीन चाकं ठोकून बघायचा,
भिकननाना ड्रायव्हरचा फॉर्म भरून द्यायचा, पाच रुपयांत,
केवळबाई टोपलीसकट केबिनच्या पायरीवर चढायची.
‘पावती नही ते पेरू बी नही,’ म्हणायची,
कारण पावती होईपर्यंतच ट्रक उभा.

मग एका उन्हाळ्यात जकात गेली.
पेपरात पेढे भरवतानाचा फोटो:
व्यापारी, आमदार, पुन्हा व्यापारी.
वाहतूक सुरळीत, धंद्याला चालना. सगळं खरं,
मी परिशिष्टात दिलंय, आकड्यांसकट.
बापाला महापालिकेनं जन्म-मृत्यू विभागात बसवलं.
एकही कर्मचारी कमी केला नाही, असं अहवाल सांगतो.
तेही खरं.
ट्रक थांबेनासे झाले, एवढंच.

आणि माझ्या समीकरणातली बेकारी
जागची हलत नाही.
यासीन नोकरीत नव्हताच,
तो बेकार कसा होणार?
केवळबाईला कुणी कामावरून काढलं नाही.
कुणीतरी फक्त ब्रेक दाबला नाही.

खाली, रस्त्यापलीकडे, जॉबसेंटर.
इथला बेकार नोंदलेला. त्याला नंबर, त्याला वेळ,
उशीर झाला तर कापायला पैसेसुद्धा.
शनिवारी मी ग्लेनिसबरोबर ऑफिसं पुसते.
तिचं वाचनालय कौन्सिलनं बंद केलं, खर्चकपात.
बावीस वर्षं पुस्तकांवर तारखा उठवत होती ती.
‘पत्र मात्र छान होतं,’ म्हणाली बादली पिळताना,
‘जाड कागद. माझं नाव अगदी बरोबर लिहिलेलं.’
खोटं कशाला बोलू,
मला त्या पत्राचा हेवा वाटला.

आणि मी?
समाजकल्याणची शिष्यवृत्ती. दुसरा हप्ता
मंत्रालयात कुठल्याशा लेखाशीर्षाखाली झोपलेला.
म्हणजे मीही सरकारी खर्चच.
मी वाढले तर कुणाची बेकारी घटते, हे
अजून कुणी विचारलेलं नाही. बाप फोनवर विचारतो
पैसे आले का,
मग जरा थांबून, तुझ्या अभ्यासात आपला नाका येतो का गं?

हॅलिवेलसाहेब चष्मा कपाळावर सरकवून समास वाचतात.
ही पेरूवाली, हिचा संदर्भ काय?
मी सांगते, आठ वर्षांची होते,
स्टुलावर बसून पावत्यांवर शिक्के मारायचे.
ते गप्प होतात. माणूस भला आहे.
तळटीपेत घे, म्हणतात.

तळटीप सतरा.
केवळबाई, एवढं लिहिलं
आणि आडनाव आठवेना.
बापाला फोन लावला, तिकडे रात्रीचे अकरा.
त्यालाही ठाऊक नव्हतं.
पंधरा वर्षं पेरू खाल्ले रे आपण, मी म्हटलं.
उद्या ऑफिसात गेलो की बघतो, तो म्हणाला,
आमच्या रजिस्टरात असेल
एव्हाना.